‘इंग्रज’ या एका शब्दामागे

आपल्याकडे इतिहास शिकविताना ‘इंग्रज आले, इंग्रजांनी राज्य घेतले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हीही अनेक वर्षे वर्गात हेच वाक्य उच्चारीत आलो. परंतु ज्यांनी आपले राज्य घेतले ते राष्ट्र एक नव्हे, अनेकांचा संघ होता, ही गोष्ट ज्ञातीतील तरुण वाचकांनी ध्यानी घेतल्यावाचून त्या साम्राज्याचा उलगडा व्हावयाचा नाही.

इंग्लंड व स्कॉटलंड ही दोन राज्ये १७०७ साली एक झाली. त्यापूर्वी काही वर्षे स्कॉटलंडने मध्य अमेरिकेत डेरियन येथे स्वतःची वसाहत वसविण्याचा घाट घातला होता. रोगराई, उपासमार व स्पॅनिशांचा वेढा यांमुळे ती १७०० मध्ये मोडली आणि त्या दरिद्री देशाचे फार मोठे भांडवल बुडाले. जोडणीच्या करारात स्कॉटलंडला सुमारे ३,९८,००० पौंड मिळाले. त्यातून बुडालेल्या भागीदारांची भरपाई झाली. याहून मोठी प्राप्ती म्हणजे इंग्लंडच्या वसाहतींचा व्यापार स्कॉट लोकांस खुला झाला. पुढे कंपनी सरकारच्या नोकऱ्यांतही त्यांचा मोठा भरणा झाला.

याचे फळ आपल्याच मुलखात पाहावे. आपल्या करकंबपासून आष्टी काही लांब नाही. तेथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले व छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले. पुढे मे महिन्यात सोलापूरचा किल्ला घेतला तो टॉमस मन्रो याने. हा ग्लासगोच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बापाचा व्यापार अमेरिकेतील तंबाखूचा. तिकडे वसाहती बंड करून उठल्या, पेढी बुडाली आणि मुलाला कंपनीच्या पलटणीत मद्रासेस यावे लागले. तिकडची वसाहत हातची गेली म्हणून इकडे सोलापुरास मन्रो आला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही! बाजीरावसाहेब जूनमध्ये ज्याच्या स्वाधीन झाले, तो जॉन माल्कम सतरा भावंडांच्या शेतकरी कुटुंबातला, तोही स्कॉट. त्याने सालीना आठ लाखांचे वर्षासन कबूल करून पेशव्यांस ब्रह्मावर्तास पाठविले. पुण्याचा रेसिडेंट व पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असलेला एल्फिन्स्टन स्कॉट; त्याच्यामागून गव्हर्नर झालेला हाच माल्कम. साताऱ्यास बसून मराठ्यांचे कागद जमविणारा व १८२६ मध्ये आपला इतिहास छापणारा ग्रँट डफ हाही स्कॉटच. म्हणजे राज्य घेणारे, चालविणारे आणि त्याची कथा लिहिणारेही बहुतेक एकाच डोंगराळ देशाचे. आणि आपण सर्वांस सरसकट ‘इंग्रज’ म्हणून मोकळे होतो.

आयर्लंडची कथा निराळी. १८०१ साली तोही संघात ओढला गेला व त्याची स्वतंत्र पार्लमेंट बंद झाली. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात तेथे सुमारे दहा लक्ष माणसे मेली, आणि त्याच काळात धान्याची जहाजे देशाबाहेर जातच होती. एकाच संघात स्कॉटलंडला नोकऱ्या आणि आयर्लंडला उपासमार! आमच्या मते या साम्राज्याच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न हाच. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग काढली, तेव्हा ते नाव आयरिश चळवळीतूनच आले होते. १९२२ मध्ये आयर्लंडचा बहुतेक भाग त्या संघातून निघाला. साम्राज्य सरल्यावर स्कॉटलंडमध्येही विभक्त होण्याचा प्रश्न निघाला. २०१४ च्या सप्टेंबरात मतदान झाले व सुमारे ५५ टक्के लोकांनी एकत्र राहण्याचा कौल दिला.

ज्यांस या विषयाचा नाद लागेल त्यांनी प्रथम ग्रँट डफ वाचावा; मात्र एकटा वाचू नये. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६७ साली पुण्यात निबंध वाचून त्यातील चुका दाखविल्या होत्या. तो निबंध शेजारी ठेवून वाचावा आणि सवड काढून एकदा आष्टीसही जाऊन यावे.