झपाटलेला
मराठी विनोदी भयपट (१९९३). दिग्दर्शक महेश कोठारे. गोळी लागलेला गुंड तात्या विंचू (दिलीप प्रभावळकर) मृत्युंजय मंत्राच्या बळावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो आणि लक्ष्याच्या (लक्ष्मीकांत बेर्डे) देहाचा ताबा मिळवू पाहतो. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाची ही नक्कल, असा आक्षेप घेतला जातो. कथासूत्र तिथले आहे, हे मान्यच. पण तिथला बाहुला दुकानातले खेळणे. इथला, शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांच्या कुळातला. दुसऱ्याच्या आवाजात बोलणारे बाहुल्याचे तोंड मराठी प्रेक्षकाने रंगमंचावर आधीच पाहिले होते. तेच तोंड कुणाचा हात नसताना हलू लागते, तेव्हा बसणारा धसका अस्सल इथला आहे. विनोदामुळे भय पातळ होते, हेही पटत नाही: लक्ष्या खरे सांगतो आणि कुणीच विश्वास ठेवत नाही, त्यातूनच हसू आणि धास्ती दोन्ही निघतात.