संहिता लिहिली जात असताना

मराठीत ‘प्रयोग’ हा एकच शब्द रंगमंचावरही चालतो आणि प्रयोगशाळेतही. एम. ए.च्या वर्गात नाट्यसंहिता आणि नाट्यप्रयोग यांतील भेद शिकवताना आम्ही त्याचा दुसरा अर्थ सहसा बाजूला ठेवतो. गेल्या सत्रात एका विद्यार्थ्याने आम्हांला एक चित्रफीत दाखवली. अंधाऱ्या सभागृहात एक तरुणी लॅपटॉपवर आज्ञावलीच्या ओळी लिहीत होती. त्या ओळी तिच्यामागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटत होत्या, आणि ओळ बदलली की संगीत बदलत होते. विद्यार्थ्याने विचारले, “ही संहिता की प्रयोग?” आम्हांला तत्काळ उत्तर देता आले नाही. म्हणून या प्रकाराचा इतिहास थोडा धुंडाळला.

संगणकाच्या संगीताची सुरुवात रंगमंचापासून फार दूर झाली. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी ‘म्युझिक १’ ही आज्ञावली लिहिली आणि आयबीएम ७०४ या संगणकाने न्यूमन गटमन यांची १७ सेकंदांची रचना वाजवली. ‘वाजवली’ हा शब्द येथे सैलपणे वापरावा लागतो. संगणक होता न्यूयॉर्क शहरात. तेथे केवळ आकडे तयार होत. ते फितीवर घेऊन प्रयोगशाळेत परतायचे आणि तेथील यंत्रातून त्यांचा नाद करायचा, असा तो क्रम होता. लिहिणे आणि ऐकणे यांत एवढे अंतर असताना मैफल कशी संभवावी? कवीने कविता लिहून छापखान्यात धाडावी, तसाच हा व्यवहार होता.

पुढील तीन दशकांचा इतिहास हे अंतर मिटवण्याचा आहे. १९७०च्या सुमारास मॅथ्यूज आणि एफ. आर. मूर यांनी ‘ग्रूव्ह’ ही प्रणाली सिद्ध केली. तीत संगणक स्वतः नाद निर्माण करीत नसे. तो वेगळ्या नादयंत्रांचे नियंत्रण करी. परंतु वादकाने हात हलवताच फरक ऐकू येई, ही गोष्ट नवी होती. १९७८च्या सुमारास कॅलिफोर्नियात जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ आणि रिच गोल्ड यांनी ‘लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स’ हा संच काढला. जेमतेम एक किलोबाइट स्मृती असलेले स्वस्त केआयएम-१ संगणक त्यांनी एकमेकांना तारांनी जोडले. एकाच्या यंत्रातून निघालेली माहिती दुसऱ्याच्या संगीताची दिशा बदली. पुढे काय वाजेल, हे त्यांपैकी कोणा एकाच्या हाती नव्हते.

आम्हांला अधिक जवळचा वाटतो तो साथसंगतीचा प्रश्न. गायक लय किंचित ओढतो, तेव्हा हार्मोनियमवाला त्याच्याबरोबर राहतो. यंत्राला हे कसे शिकवावे? १९८४ साली बॅरी व्हर्को आणि रॉजर डॅननबर्ग यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, वादकाचे वादन ऐकून स्वरलिपीतील त्याचे स्थान ओळखणाऱ्या आज्ञावल्या मांडल्या. पॅरिसच्या ‘इरकाम’ या संस्थेत मिलर पकेट यांनी ही वाट पुढे नेली. फिलिप मनूरी यांच्या ‘प्लुटॉन’ (१९८८) या पियानो आणि संगणकासाठीच्या रचनेच्या निमित्ताने त्यांची आज्ञावली घडत गेली. मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ तिला ‘मॅक्स’ हे नाव मिळाले. याच सुमारास ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईस यांनी ‘व्हॉयेजर’ ही आज्ञावली रचली. तिची भूमिका वेगळी होती. तिथे संगणक हा केवळ साथीदार नव्हे. वादक थांबला तरी तो आपले म्हणणे मांडतो. साथसंगतीची जागा जुगलबंदीने घेतली.

नव्वदीच्या अखेरीस लॅपटॉपच पुरेसा वेगवान झाला आणि २००१ साली बर्लिनमध्ये ‘एबलटन लाइव्ह’ हे खास मंचासाठी घडवलेले सॉफ्टवेअर बाजारात आले. अंतर मिटले, आणि नेमका येथेच नवा पेच उभा राहिला. मंचावरचा माणूस पडद्याकडे टक लावून बसलेला. तो खरोखर वाजवतो आहे, की आधी तयार केलेले ध्वनिमुद्रण सुरू करून नुसता बसला आहे? श्रोत्याला कळायला मार्ग नव्हता. मैफलीत दाद द्यायची ती कशाला? तान समेवर येईल की चुकेल, ही धाकधूक जेथे नाही, तेथे टाळी शिष्टाचारापुरती उरते.

यावरचे एक उत्तर २००४ साली हॅम्बुर्ग येथे ‘टॉपलॅप’ या गटाने दिले. कलावंताने आपला पडदा श्रोत्यांना दाखवावा, असा आग्रह त्यांनी जाहीरनाम्यात धरला. आज्ञावली आधी लिहून आणायची नाही, तर मैफलीतच लिहायची आणि ती चालू असतानाच बदलायची. या रीतीला पूर्वपरंपराही होती. १९८५ साली ॲमस्टरडॅममध्ये रॉन कुइविला यांनी मंचावरच आज्ञावली लिहीत सादरीकरण केले होते आणि अखेरीस संगणक बंद पडला होता. म्हणजे समेची जागा चुकण्याचा धोका येथे खराखुरा होता.

आमचा एक आक्षेप मात्र उरतो. ज्याला ती भाषा वाचता येत नाही, त्याला पडदा दाखवून काय साधते? त्याचे डोळे अक्षरांत गुंतून कान हरवणार नाहीत काय? गिटार वाजवता येत नसले तरी गिटारवादन पाहण्याचा आनंद घेता येतोच, असे या मंडळींचे उत्तर आहे. ते आम्हांला अर्धेच पटते. रागाचे व्याकरण न जाणणारा श्रोताही ख्याल ऐकताना समेवर मान डोलावतो हे खरे. परंतु त्या मानेला अनेक पिढ्यांच्या ऐकण्याची सवय असते. ती सवय येथे अजून घडायची आहे.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढच्या तासाला दिले. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान रंगवतो, तेव्हा त्याचे शब्द तिथेच घडतात, तरी त्यांना आपण संहिता म्हणायला कचरतो. येथे मात्र अक्षरे डोळ्यांसमोर उमटतात, खोडली जातात, पुन्हा लिहिली जातात. संहिता आधी आणि प्रयोग नंतर, हा आमच्या टिपणांतला क्रम त्यांना लागू पडत नाही. ती टिपणे आता दुरुस्त करावी लागतील.