नाताळचें पान

पळसदरी, कर्जत, खालापूर या बाजूच्या मुलांना ‘नाताळ’ हा शब्द ओळखीचा असतो, तो शाळेच्या सुटीचें नांव म्हणून. शब्द मूळचा पोर्तुगीज. अर्थ ख्रिस्तजन्माचा सण. तो मराठींत कसा रुजला हें पाहावयाचें असल्यास वसईच्या ख्रिस्ती घरांतील पंक्तीकडे वळावें.

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याजकडून १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढील दोनशें वर्षांत तेथील अनेक कुळें ख्रिस्ती झालीं. त्यांत राजीखुषीचीं किती व जबरीचीं किती, हा वाद इतिहासांत आहेच. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई सर केली. विजयाचा भर असतांही शरणागतीच्या करारांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक देण्यांत आली. राज्य गेलें, रयत राहिली, आणि तिची पंगतही राहिली.

पूर्वीं सणाच्या आदल्या दिवशीं उपास असे व मांस वर्ज्य असे. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर तो सुटे, म्हणून जेवणाची गोडी अधिक. पानांत मान इंद्यालाचा. पोर्तुगीज लोक द्राक्षाचा शिरका व लसूण यांत मांस मुरवीत. येथें त्याला मिरची व मसाला मिळाला. मिरची तरी कोठली? तीही अमेरिकेची, पोर्तुगीज गलबतांतून आलेली. इंद्यालासोबत फुगे. मैदा, अंडीं व नारळाचें दूध एकत्र मळून तें पीठ ताडीनें फुगवीत आणि त्याचे गोळे तेलांत तळीत. रश्श्याला बाटली-मसाला: उन्हाळ्यांत मिरच्या वाळवून, वीसांहून अधिक जिन्नस भाजून-कुटून तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरीत, त्यावरूनच हें नांव. रीत परदेशची खरी, पण माड, ताड, उखळ आणि राबणारे हात वसईचेच.

गोडांत आपल्या करंजीची बहीण नेवरी. फराळाचीं तबकें शेजारीं पाठविलीं जातात. दिवाळींत हिंदु घरांतून त्यांची परतफेड होते.

या पंक्तीस कोणी परकी म्हणेल, तर त्यानें आधीं आपल्या घरांतील पाव, बटाटा व काजू हे शब्द बाहेर काढावे. तेही त्याच गलबतांतून उतरले. किल्ले जिंकणारे पुष्कळ होऊन गेले. जिंकलेल्या रयतेच्या देव्हाऱ्यास व चुलीस हात न लावण्याचें शहाणपण थोड्यांस साधलें. तें १७३९ सालीं साधलें, म्हणूनच वसईस २५ डिसेंबरला मराठी बोलींत आग्रह करून पानें वाढलीं जातात.