ड्रिल न लावता लहान मुलांच्या दातातली कीड कशी काढतात?

'दुधाचेच दात आहेत, पडतील आपोआप.' मुलाच्या दाढेत काळा खड्डा दिसला की अनेक घरांत हेच ऐकू येतं. पण दुधाच्या मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. चार वर्षांच्या मुलाच्या दाढेला कीड लागली, तर ती पडेपर्यंत सहा-सात वर्षं ठणक सोसावी लागू शकते. जेवण, झोप, शाळा सगळंच बिघडतं.

मग ड्रिलची भीती?

आता प्रत्येक वेळी ड्रिल किंवा भुलीचं इंजेक्शन लागतंच असं नाही. सगळी कीड खरवडून काढायची गरजही नसते. मऊ, कुजलेला भाग काढून दात घट्ट बंद केला की आत उरलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही आणि कीड थांबते.

कोणत्या पद्धती आहेत?

*हातानं साफ करणं (एआरटी):* छोट्या हत्यारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. १९८०च्या दशकात टांझानियात ही पद्धत सुरू झाली. वीज किंवा डेंटल चेअर लागत नाही. त्यामुळे लाखांदूर किंवा साकोलीतल्या एखाद्या शाळेच्या वर्गातही हे करता येतं.

*पपईचं जेल:* मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई घालतात ना? तिच्यातलंच पपेन या जेलमध्ये असतं. ते कुजलेला भाग मऊ करतं, निरोगी दाताला धक्का लावत नाही. मात्र घरी दातात पपई भरू नका.

*एसडीएफ:* चांदी आणि फ्लोराइडचं हे औषध ब्रशनं लावतात. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. समोरच्या दातांना लावण्याआधी हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. चांदीची अॅलर्जी असेल तर ते लावत नाहीत.

*हॉल टेक्निक:* कीड न काढताच दाढेवर स्टीलची टोपी बसवतात. स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते.

हे कधी चालत नाही?

रात्री आपोआप ठणक लागत असेल, हिरडीवर पुवाची पुळी किंवा गालावर सूज असेल, तर कीड नसेपर्यंत गेलेली असू शकते. तेव्हा नसेचा उपचार करावा लागतो किंवा दात काढावा लागतो. सुजेसोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भंडाऱ्यात कुठे जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची कीडही तपासली जाते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला नक्की पाठवा. पुढच्या उपचारासाठी भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय आणि नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. यातली कोणती पद्धत उपलब्ध आहे, ते आधी विचारून घ्या.

घरी काय करायचं?

पहिला दात आला की फ्लोराइडच्या पेस्टनं दिवसातून दोनदा ब्रश. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका. आणि महिन्यातून एकदा मुलाचा ओठ वर करून बघा. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग ही किडीची सुरुवात असू शकते. याच टप्प्यावर दाखवलं, तर खड्डा पडण्याआधीच कीड थांबवता येते.