इसाराची पिशवी

आमचं गाव मांजरी बुद्रुक, तालुका हवेली. आज ते पुण्यात आहे, २०२१ साली महापालिकेनं आणखी तेवीस गावं घेतली त्यात आमचंही गेलं. पण मी सांगतो तो काळ वेगळा. खडकवासल्याचं पाणी कालव्यानं शिवारात यायचं, ऊस आणि तरकारी दोन्ही जोरात. मध्यरात्री आबा बैलगाडी जुंपायचे आणि पहाटे आम्ही फुले मंडईत. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. पोत्यांवर झोपून जायचो आणि पुण्यात जागा व्हायचो.

मंडई उरकली की आबा एका पेठेतल्या वाड्यात उरलेली भाजी द्यायचे. वाड्याचे मालक म्हातारे गृहस्थ. सात बिऱ्हाडं भाडेकरू होती. मला वाटायचं, हा माणूस केवढा श्रीमंत! सात घरांचं भाडं बसल्या जागी! पण त्यांच्या अंगात विटलेला सदरा आणि जिन्याच्या दोन पायऱ्या गायब. एकदा ते आबांना म्हणाले, "अहो पाटील, एका बिऱ्हाडाचं भाडं नऊ रुपये, दुसऱ्याचं बारा. एवढ्यात नळाची तोटीसुद्धा बदलून होत नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. १९४७ साली मुंबई राज्यात भाडे नियंत्रणाचा कायदा झाला. लढाईच्या काळात शहरात घरं मिळत नव्हती, मालक वाटेल ते भाडं मागत होते, म्हणून गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहावं या चांगल्या हेतूनं तो केला. १९४० च्या सप्टेंबरात जे भाडं होतं ते धरायचं, आणि भाडेकरूला सहजासहजी काढायचं नाही. पण साल उलटलं, महागाई वाढली, भाडं तिथंच राहिलं. मालकानं डागडुजी सोडली. भाडेकरूही म्हणाला, दुसऱ्याच्या भिंतीला मी का चुना लावू? त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले किती वाडे मातीला मिळाले. उरलेले असेच टेकू लावून उभे.

परतीच्या वाटेवर आबा बोलले ते मी जन्मात विसरलो नाही. "जमीन दुसऱ्याला कसायला दिली तर कूळ लागतंय, घर ऱ्हायला दिलं तर बिऱ्हाड लागतंय. दोन्ही उठत न्हाईत. आपण आपलं हातात ठिवावं."

आबांची भीती पुस्तकातली नव्हती. १९४८ चा कूळकायदा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. चुलत्याची चार एकर कुळाच्या नावावर झाली होती. कुळाला न्याय मिळाला हे खरं, पण ज्याची गेली त्याच्या पोटात गोळा राहिलाच. दोन कायद्यांची ही भीती एकत्र येऊन आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. भाड्यानं द्यायचं नाही, एकतर कसायचं नाहीतर विकायचं. तिसरी वाट आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग विकायचा काळ आला. हडपसरला कारखाने आलेच होते. शहरातल्या लोकांनाही जागा हवी होती, पण १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादेच्या कायद्यानं पुणे शहरात रिकामी जागा माणशी हजार चौरस मीटरच ठेवता येत होती. म्हणजे दहा गुंठ्यांना काही कमीच. त्यामुळं पैसेवाल्याची नजर शहराबाहेरच्या शेतीकडं वळली. १९८९ साली एक गृहस्थ मोटरसायकलवर आले. शहरातलेच, पण त्यांच्या नावावर कुठं तरी शेती होती, म्हणून कागद जमत होता. कालव्याकडची दोन एकर, तीन लाख रुपये.

इसार पंचवीस हजार. साड्यांच्या दुकानाच्या कापडी पिशवीतून नोटा आल्या. आईनं पिशवी देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. घरात एवढा पैसा कुणी पाहिलाच नव्हता. ताईचं लग्न झालं, थाटात झालं. एक जुनी जीप आली. घरावर स्लॅब पडला. दोन बोअर घेतले, एकाला पाणी नाही लागलं. धाकट्याचं सोसायटीचं कर्ज फिटलं. सहा वर्षांत पिशवी रिकामी. जीप भंगारात दिली तेव्हा टायरांचे पैसे तेवढे आले.

आमच्यात कुणी दारूत पैसा उडवला नाही, कुणी जुगार खेळला नाही. सगळे खर्च शहाण्या माणसाचे. तरी संपला. जमीन दर साली पीक द्यायची, पैसा एकदाच आला आणि एकदाच गेला. पैशाला पाय असतात, जमिनीला नसतात, एवढाच फरक.

पुढं त्या दोन एकरांवर बिल्डिंग उठली. आमची विहीर बुजवली आणि त्यावर गाड्या लावायची जागा केली. आबा सकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि तिथंच जाऊन उभे राहायचे. एके दिवशी वॉचमननं विचारलं, "बाबा, कुणाकडं जायचंय?" आबा काही न बोलता माघारी आले. त्यानंतर त्या बाजूला ते फिरकले नाहीत.

ते पाहून मी १९९६ साली आबांचं न ऐकता गावठाणातल्या आमच्या जुन्या गोठ्याच्या जागी चार खोल्या काढल्या. दहा बाय बाराच्या, वर पत्रे. पतपेढीचं कर्ज पंचेचाळीस हजार. आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पहिला भाडेकरू लातूरकडचा पोरगा, कारखान्यात हेल्पर. भाडं चारशे, डिपॉझिट हजार. पहिल्या महिन्याचे चारशे रुपये मी आबांच्या हातात दिले. त्यांनी मोजले, परत दिले आणि म्हणाले, "ह्यो उठंल का?" पोरगा दोन वर्षांनी उठला, स्वतःची खोली घेऊन. जाताना पेढे देऊन गेला. त्या दिवशी आबांच्या मनातला वाडा थोडासा पडला असावा.

त्याच सुमारास शेजारी हडपसरला जे घडलं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मगरपट्ट्यातली शेती विकास आराखड्यात शहराच्या वाढीसाठी धरली गेली होती. आज ना उद्या ती जाणार हे तिथल्या लोकांना कळून चुकलं. आमच्यासारखं एकेकानं इसार घ्यायचा ऐवजी सतीश मगर यांच्या पुढाकारानं सुमारे एकशेवीस कुटुंबं एकत्र बसली. जमीन चारशे एकरांच्या वर. ती कुणाला विकली नाही, सगळ्यांनी मिळून कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा धरला. आराखडा वास्तुविशारद हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. २००० च्या आसपास बांधकाम सुरू झालं. घरं विकून पैसा आला, पण कचेऱ्यांच्या इमारती भाड्यानं दिल्या, त्याचं भाडं चालू राहिलं. शेतकऱ्यांची पोरं बांधकामाची, मालपुरवठ्याची कंत्राटं घ्यायला शिकली. पुढं सिंहगड रस्त्याला नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी सुमारे सातशे एकरांवर हाच मार्ग धरला, ती नांदेड सिटी.

मी तिथं पहिल्यांदा गेलो ते एका पाहुण्याच्या वास्तुशांतीला. पाहुणा एक एकरवाला. जेवताना तो म्हणाला, "आपण शेतकरीच हाय, फकस्त पीक बदललं." मी घास हातात धरून बसून राहिलो. आमचे दोन एकर होते, त्याचा एक. त्याच्याकडं पीक होतं, आमच्याकडं लग्नातले फोटो.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. एवढी भावकी एका दावणीला बांधणं म्हणजे सोपं काम नव्हे. बहुतेकांकडं एकसलग जमीन नसते, आणि भाऊ भावाशी बोलत नसतो. पण त्यातलं मर्म एका गुंठ्यालाही लागू आहे. सगळं विकू नये, मिळकतीत आपला पाय ठेवावा.

कायदाही बदलला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आता लिव्ह अँड लायसन्सचा करार करून नोंदवला, तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला वेगळं कार्यालय आहे, वाडेवाल्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जावं लागत नाही. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि तंटा झाला, तर भाडेकरू म्हणेल त्या अटी खऱ्या धरतात, जोवर तुम्ही उलटं शाबीत करत नाही. किती तरी लोक हजार-दोन हजार वाचवायला साध्या स्टॅम्पवर लिहून घेतात आणि पुढं कपाळाला हात लावतात.

मीही कपाळाला हात लावलाय, लपवत नाही. खोल्यांचा पैसा साठला, वाटलं आपण आता शहाणे झालो. २००८ साली एका एजंटाकडून दोन गुंठे घेतले, नोटरीवर. स्वस्त होते. चार लोकांनी घेतले म्हणून मीही घेतले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, असल्या तुकड्याचं खरेदीखत तेव्हा सरळ नोंदवून होत नव्हतं, हे दहावी शिकलेल्या, सातबारा लहानपणापासून हाताळलेल्या माणसाला कळू नये? अजून सातबाऱ्यावर माझं नाव नाही. तिथं माझी दोन आंब्याची झाडं आहेत, कैऱ्या दुसराच कोणी तरी उतरवतो.

म्हणून आता कुणी नवा पोरगा विचारायला आला, "नाना, फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यावा म्हणतो," तर मी त्याच्यापुढं कागद-पेन्सिल ठेवतो. समजा, फ्लॅट पन्नास लाखांचा, भाडं पंधरा हजार. सालाचे एक लाख ऐंशी हजार. एक महिना रिकामा जाणार, सोसायटीचा देखभाल खर्च, घरपट्टी, रंग. हातात शेकडा तीन राहिले तरी खूप. आणि चाळीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता चौतीस हजारांच्या पुढं. भाड्यातून निम्मा हप्ताही सुटत नाही. बाकीचे दर महिन्याला खिशातून घालायची ताकद असेल तर घे. "भाव वाढंल" एवढ्याच भरवशावर घेऊ नको, भाव दहा-दहा वर्षं बसलेलाही मी पाहिलाय. पहिली गुंतवणूक छोटी असावी, आपल्याला रोज दिसेल अशा जागी असावी, आणि कागद वकिलानं वाचलेला असावा.

बांधकाम चालू असलेलं घर घ्यायचं तर महारेराचा नंबर आधी बघायचा. १ मे २०१७ पासून, जागा पाचशे चौरस मीटरच्या वर असेल आणि आठाहून जास्त फ्लॅट असतील, तर नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला विकता येत नाही. गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ते त्याच कामाला लागावेत म्हणून. आबांच्या काळी हे असतं तर, असं मनात येतं. पण आबांनी घर घेतलं नव्हतं, रान विकलं होतं. विकणाऱ्याला शहाणपण शिकवणारा कायदा अजून झालेला नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती लिहायची म्हणूनच हा लेख. आबा २००३ साली गेले. वारस नोंद करताना तलाठ्यानं ताईचंही नाव लावलं. भावकीतली माणसं म्हणाली, हक्कसोड करून घ्या, पुढं जावयाची कटकट नको. ताईनं एका शब्दानं विचारलं नाही. दुय्यम निबंधकाकडं येऊन अंगठ्याशेजारी सही केली. आम्ही तिला साडी आणि हजार रुपये दिले. साडीची पिशवी तसलीच होती, कापडी.

आमच्याकडं रस्त्यालगत दहा गुंठे उरले होते. दोन वर्षांपूर्वी त्याचा विकसन करारनामा केला. पुतण्या रोख घेऊ म्हणत होता, त्याला हडपसरला दुकान टाकायचं होतं. मी त्याला आजोबांची विहीर कुठं होती ते दाखवायला घेऊन गेलो. पार्किंगमध्ये उभा राहून तो गप्प झाला. रोख न घेता बांधकामात चाळीस टक्के ठरले. वीस फ्लॅटमधले आठ आमचे. भावाचे चार, माझे चार.

मी म्हटलं, ताईचा एक. पुतण्या म्हणाला, "नाना, आत्यानं हक्कसोड दिलाय की." दिलाय. कायद्यानं तिचं काही येणं नाही. भाऊ अजून हो म्हणत नाही, आमचं बोलणं सध्या कामापुरतं आहे. म्हणून माझ्या चारातला एक मी तिच्या नावावर बक्षीसपत्रानं करून देणार आहे. घरात मंडळींनाही ते सोपं गेलं नाही. पण ज्या दोन एकरांत तिनं खुरपणी केली, त्यातलं तिला लग्न सोडून काही मिळालं नाही. आणि लग्नाची हौस तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त होती.

दिवाळीला ती आली तेव्हा सांगितलं. मला वाटलं रडेल. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "भाडं कुणाच्या खात्यावर येनार?"

"तुझ्या."

"माझ्या खात्याला मोबाइल नंबर पोराचा हाय. आदी त्यो बदलून घिऊ, मंग फुडचं बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो.