रक्तवाहिनी-अंतःस्तर वृद्धिकारक

रक्तवाहिनी-अंतःस्तर वृद्धिकारक : नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देणारे मानवी शरीरातील एक प्रथिन. ‘व्हीईजीएफ’ या संक्षेपाने ते अधिक परिचित आहे. रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस अंतःस्तर कोशिकांचे (पेशींचे) एकेरी अस्तर असते. हे प्रथिन त्या कोशिकांच्या पृष्ठावरील विशिष्ट ग्राहींशी (रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंशी) संलग्न झाले म्हणजे कोशिकांचे विभाजन व स्थलांतर सुरू होते आणि जुन्या वाहिनीस नवा फाटा फुटतो. गर्भाची वाढ आणि जखमा भरून येणे यांसाठी ही क्रिया आवश्यक असते. परंतु कर्करोगाच्या गाठी आणि डोळ्यांचे काही विकार यांत तीच घातक ठरते. या प्रथिनाचा शोध कोणा एकास लागलेला नाही. नेत्रवैद्य, शस्त्रक्रियातज्ञ व जीवरसायनशास्त्रज्ञ निरनिराळ्या प्रश्नांचा मागोवा घेत असता सुमारे चाळीस वर्षांच्या अवधीत एकाच रेणूपाशी येऊन पोहोचले.

पूर्वेतिहास : वाढत्या गाठीभोवती रक्तवाहिन्यांची दाटी असते, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. ही दाटी कशी होते, हे मात्र प्रत्यक्ष पाहता येत नव्हते. १९३९ मध्ये आइड व त्यांचे सहकारी यांनी सशाच्या कानात पारदर्शक कोष्ठ बसवून त्यात रोपण केलेल्या गाठीकडे नव्या वाहिन्या वाढत जाताना पाहिल्या. १९४५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील जी. एच. ॲल्जायर व एच. डब्ल्यू. चॉकली यांनी उंदरांवर अशाच पद्धतीने प्रयोग केले. नव्या केशवाहिन्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या) निर्माण करविण्याची क्षमता हे गाठीचे एक वैशिष्ट्य असावे, असे त्यांनी सुचविले.

दुसरा धागा नेत्रवैद्यकातील होता. जालपटलातील (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पटलातील) रक्तवाहिन्यांच्या विकासाचा अभ्यास करताना आय. सी. मायकेलसन यांना रोहिण्यांलगत, म्हणजे ऑक्सिजनाचा पुरवठा भरपूर असलेल्या भागात, केशवाहिन्या विरळ असल्याचे आढळले. त्यावरून वाहिन्यांच्या वाढीचे नियंत्रण करणारा एखादा रासायनिक पदार्थ ऊतकातच (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहातच) असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी १९४८ मध्ये मांडले. हा अज्ञात पदार्थ पुढे ‘घटक एक्स’ या नावाने ओळखला गेला.

फोकमन यांची परिकल्पना : १९६०–७० या दशकाच्या आरंभी अमेरिकी नौदलाच्या सेवेत असताना जूडा फोकमन व फ्रेडरिक बेकर यांनी शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या अवटू ग्रंथींत कर्करोगाच्या कोशिका सोडल्या. तेथे तयार झालेल्या गाठी अगदी लहान असतानाच वाढायच्या थांबल्या. त्याच गाठींचे उंदरांत रोपण करताच मात्र त्या झपाट्याने वाढल्या. दोहोंतील फरक रक्तवाहिन्यांचा होता. या निरीक्षणाच्या आधारे, पुढे बॉस्टन येथील बालरुग्णालयात काम करीत असताना, फोकमन यांनी १९७१ मध्ये एक परिकल्पना मांडली : स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्याखेरीज गाठ काही मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, त्यासाठी ती एक द्रव्य स्रवते, आणि या द्रव्यास अटकाव केल्यास कर्करोगास आवर घालता येईल. ही परिकल्पना प्रारंभी अनेकांना मान्य झाली नाही. गाठीतील रक्तवाहिन्या या केवळ दाहाचा परिणाम होत, असा तेव्हा बऱ्याच तज्ञांचा समज होता. शिवाय ज्या द्रव्यावर सारा युक्तिवाद आधारला होता, ते शुद्ध स्वरूपात कोणापाशीच नव्हते. १९८४ मध्ये फोकमन यांच्या सहकाऱ्यांनी केशवाहिन्यांची वाढ घडविणारे एक प्रथिन शुद्ध केले. पण ते वेगळ्या कुलातील निघाले.

एक रेणू, दोन नावे : या दरम्यान बॉस्टन येथेच डॉनल्ड सेंगर, हॅरॉल्ड ड्व्होराक व त्यांचे सहकारी वेगळ्याच प्रश्नावर काम करीत होते. गाठीतील रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपतो आणि कित्येकदा त्यातून जलोदर उद्भवतो. गिनीपिगमधील अशा स्रावातून त्यांनी १९८३ मध्ये वाहिन्यांची पार्यता (द्रव झिरपू देण्याची क्षमता) वाढविणारे प्रथिन वेगळे केले. त्याची शक्ती हिस्टामिनाच्या सुमारे ५०,००० पट भरते. कार्यावरून त्यास ‘वाहिनी पार्यता घटक’ असे नाव मिळाले.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक या कंपनीत नेपोलिओने फेरारा व विल्यम हेन्झेल यांनी गाईच्या पोष ग्रंथीतील कोशिकांच्या संवर्धन द्रवातून केवळ अंतःस्तर कोशिकांचीच वाढ घडविणारे प्रथिन शुद्ध केले. त्यांनी त्यास आज रूढ असलेले नाव दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस या प्रथिनाच्या आणि पार्यता घटकाच्या जीनांची (आनुवंशिक एककांची) रचना ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. तेव्हा दोन्ही प्रथिने एकच असल्याचे स्पष्ट झाले. वाहिनी झिरपू लागणे आणि वाहिनी वाढू लागणे ही एकाच रेणूची दोन कार्ये होती. नाव कार्यावरून पडल्यामुळे ऐक्य मात्र सहा वर्षे झाकलेले राहिले.

स्वरूप व कार्य : हे प्रथिन दोन समान साखळ्यांचे बनलेले असते. तिचे जीन सहाव्या गुणसूत्रावर असून त्यापासून वेगवेगळ्या लांबीचे प्रकार तयार होतात. त्यांपैकी १६५ ॲमिनो अम्लांचा प्रकार प्रमुख आहे. १९९२ मध्ये जेरूसलेम येथील एली केशेट व त्यांचे सहकारी यांनी ऑक्सिजनाच्या न्यूनतेने या प्रथिनाची निर्मिती वाढते असे दाखविले. मायकेलसन यांच्या अनुमानास त्यामुळे पुष्टी मिळाली. कोशिकांना ऑक्सिजनाची न्यूनता कशी जाणवते, याचा उलगडा केल्याबद्दल ग्रेग सेमेन्झा, विल्यम केलिन व पीटर रॅटक्लिफ यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी या जीनाच्या दोन प्रतींपैकी एकच प्रत नष्ट केली, तरी उंदराचा भ्रूण जगत नाही असे सिद्ध केले. प्रथिनाचे नुसते अस्तित्व नव्हे, तर त्याचे प्रमाणही निर्णायक असते, हे यावरून दिसून आले.

उपचार : १९९३ मध्ये या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाने उंदरांतील गाठींची वाढ रोखली गेली. त्याचे मानवास योग्य असे रूप म्हणजे बेव्हॅसिझुमॅब होय. बृहदांत्राच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ८१३ रुग्णांवरील चाचणीत रसायनोपचारास त्याची जोड दिल्याने मध्यक आयुर्मान १५·६ महिन्यांवरून २०·३ महिन्यांवर गेले. २००४ मध्ये अमेरिकेत हे औषध मान्य झाले. हा लाभ खरा असला, तरी तो काही महिन्यांपुरताच होता. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता तर २०११ मध्ये तेथे काढून घेण्यात आली.

नेत्रविकारांत अधिक यश लाभले. मधुमेहाने जालपटल बिघडलेल्या रुग्णांच्या नेत्रद्रवात हे प्रथिन वाढलेले असते, असे १९९४ मध्ये आढळले होते. वार्धक्यातील पीतबिंदूच्या ऱ्हासाच्या ‘ओल्या’ प्रकारातही झिरपणाऱ्या नव्या वाहिन्या दृष्टी हिरावून घेतात. त्यासाठी प्रतिपिंडाचा अंश असलेले रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये मान्य झाले. तत्पूर्वीच २००५ मध्ये काही नेत्रवैद्यांनी बेव्हॅसिझुमॅबच डोळ्यात टोचून पाहिले होते. अमेरिकेत पहिल्याच्या एका मात्रेस सुमारे २,००० डॉलर, तर दुसऱ्याच्या लहान मात्रेस सुमारे ५० डॉलर पडत. २०११ मध्ये सरकारी साहाय्याने झालेल्या तौलनिक चाचणीत दोहोंचा दृष्टीवरील परिणाम सारखाच आढळला. भारतात २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबशी सदृश असे जैव औषध उपलब्ध झाले.

याउलट, रक्तपुरवठा अपुरा असलेल्या हृदयास हे प्रथिन पुरवून नव्या वाहिन्या निर्माण करण्याचा प्रयत्न मात्र फारसा फळाला आला नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७८ रुग्णांच्या चाचणीत ६० दिवसांनंतर ते औषधरहित द्रवाहून सरस ठरले नाही. या प्रथिनास दीर्घकाळ रोखल्यास रक्तदाब वाढतो, मूत्रातून प्रथिने जातात व जखमा उशिरा भरतात. निरोगी शरीरातही ते अखंड कार्यरत असते, याचीच ही चिन्हे होत.