एक पौंड धान्य, एक तांब्या पाणी



वजन आणि पाणी या दोन गोष्टी माणसाच्या अगदी खाजगी समजल्या जातात. कोणी किती खावे, किती प्यावे, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न, असे आपण म्हणतो. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत होतो. माझे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जळगावच्या बाजार आवारात हमालांबरोबर आणि संध्याकाळी वाचनालयात झाले. या दोन ठिकाणी जे शिकलो, त्याने माझे मत बदलले. ते कसे बदलले, हेच आज सांगावयाचे आहे.

बाजार आवारात काट्याला तोटा नाही. एका मे महिन्यात आम्ही चारपाच जण गंमत म्हणून सकाळी पोत्यांच्या काट्यावर उभे राहिलो आणि मापाड्याकडून वजने लिहून घेतली. दुपारी पोती वाहून झाल्यावर पुन्हा उभे राहिलो. कोणी एक किलो उतरला होता, कोणी दोन. आणि मधूनमधून पाणी तर सगळेच प्यायले होते. एक जण हसून म्हणाला, "चला, चरबी झडली." चरबी इतकी स्वस्त नसते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. तेवढे एका सकाळी कोणी जाळू शकत नाही. उतरला तो घाम. खानदेशच्या उन्हात जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जाते. ते भरून निघाले नाही, तर आधी ताकद जाते, मग डोके गरगरते आणि शेवटी माणूस पडतो.

हा काट्याचा खेळ आमच्या फार पूर्वी इटलीत एका वैद्याने खेळला होता. सांतोरिओ हे त्याचे नाव. टांगलेल्या खुर्चीत बसून तो स्वतःचे, अन्नाचे आणि मलमूत्राचे वजन करी. असे त्याने वर्षानुवर्षे केले. १६१४ साली त्याने ग्रंथ प्रसिद्ध केला. खाल्ल्याप्यायल्याचा मोठा भाग न दिसता त्वचेवाटे व श्वासावाटे निघून जातो, हे त्याने वजनाने दाखविले. आपल्या घरातही याचा पडताळा येतो. एकादशीचा उपास कडक केला, की दुसऱ्या दिवशी वजन किलोभर कमी भरते आणि द्वादशीचे पारणे झाले की परत येते. शरीरात साखरेचा जो साठा असतो, त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपला की ते पाणी जाते, भरला की येते. म्हणून एका दिवसाच्या वजनावर आनंदही मानू नये आणि दुःखही करू नये.

येथवर गोष्ट सवयीचीच आहे. पण सवय ठरविण्याचा अधिकार ज्यांना नसतो, त्यांचे काय? यासाठी १८७७ साली जावे लागेल.

१८७६ साली पावसाने दगा दिला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. खानदेश तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सरकारने खडी फोडणे, रस्ते, तलाव अशी कामे काढली. खर्च आवरण्यासाठी कलकत्त्याच्या सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाठविले. त्यांनी ठरविले, की काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य पुरे. वर हातावर थोडी चिल्लर. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी यास कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की तुरुंगात सक्तमजुरी करणाऱ्या कैद्यालाही याहून अधिक मिळते. निदान दीड पौंड धान्य आणि त्यासोबत डाळ, भाजी दिलीच पाहिजे. मुंबई इलाख्यात तर हजारो मजूर कामावरून उठून गेले. हा उपाशी माणसांचा संपच होता. पुण्याची सार्वजनिक सभा आणि तिचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी त्यांची बाजू मांडली.

आता आपण त्या एका पौंडाचा हिशेब करू. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. तेवढ्या ज्वारीत सुमारे साडेपंधराशे उष्मांक असतात. हे खडी फोडणाऱ्याला पुरते का? टेंपलसाहेबांच्या वेळी याचे उत्तर वादाचे होते. पुढे ते प्रयोगाने मिळाले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे होते आणि आपखुशीने आले होते. त्यांना रोज साधारण साडेपंधराशे ते सोळाशे उष्मांक मिळत, म्हणजे जवळजवळ टेंपलसाहेबांचाच पौंड! त्यांनी खडी फोडली नाही. आठवड्याला बावीस मैल चालणे आणि किरकोळ कामे एवढेच त्यांच्याकडे होते. तरी त्यांचे सुमारे चौथाई वजन गेले. मन कशात लागेना, स्वप्नातही अन्न दिसू लागले. आणि त्यांच्या पायांना सूज आली. उपाशी शरीर पाणी धरून ठेवते, आणि मग काटाही फसतो. अंगातले मांस जाते आणि त्याची जागा पाणी घेते. आपल्या वाडवडिलांनी दुष्काळाच्या गोष्टींत सुजलेले पाय सांगितले, ते असे.

आणि कॉर्निश जी डाळ मागत होते, ती आपल्या आयाबायांना शिकवावी लागली नव्हती. ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी, वर ठेचा, कांदा आणि ताक, यात धान्य, डाळ, मीठ आणि पाणी चारही आले. खानदेशी कष्टकऱ्याची सवय चांगलीच होती. कमी पडत होती ती तिची किंमत मोजण्याची ऐपत.

१८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यावरून दुष्काळसंहिता तयार झाल्या. पण पोटाचा हिशेब मजुरीत धरावयास आणखी पाऊणशे वर्षे लागली. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे माजी प्रमुख डॉ. अ‍ॅक्रॉइड यांच्या शिफारशीवरून प्रौढ माणसामागे २७०० उष्मांक, कुटुंबात असे तीन हिस्से, आणि वर्षाला ७२ वार कापड, असा किमान वेतनाचा पाया त्यांनी मान्य केला. साडेपंधराशे आणि सत्तावीसशे, या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे आमच्या चळवळीचा इतिहास होय. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रस्त्याच्या कामांवर मजुरांना सुकडी वाटली गेली आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, तोही याच वाटेवरचा मुक्काम.

पोटाचा हिशेब असा मांडला गेला. पाण्याचा मात्र कागदावरच राहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पिण्याच्या पाण्याची सोय मालकावर घातली. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी, आणि स्त्रियांसाठी वेगळे, बंदिस्त संडास, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. ही जबाबदारी मालकावरच राहिली.

आणि आता माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी धुळ्याच्या बाजूला एका जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बायांची मी सभा घेतली. लघवीची जळजळ आणि चक्कर अशा तक्रारी होत्या. मी नुकतेच आरोग्यावरचे एक पुस्तक वाचले होते. दिवसाला किती पाणी प्यावे, न प्यायल्याने काय होते, यावर मी अर्धा तास बोललो. बायांनी शांतपणे ऐकून घेतले. शेवटी एक वयस्क मावशी म्हणाल्या, "भाऊ, पानी पिसन जावानं कोठे?"

त्या आवारात बायांसाठी आडोसा नव्हता. म्हणून त्या सकाळी घरून निघताना पाणी पीत नसत आणि दिवसभर एका तांब्याच्या वर जात नसत. मी त्यांच्या सवयीला दोष देत होतो. ती सवय नव्हती, तो हिशेब होता. आणि तो माझ्यापेक्षा त्यांना अचूक येत होता. त्यानंतर आम्ही मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर पगार लिहिला नाही, संडास लिहिला. तो बांधून होण्यास दोन हंगाम गेले. पुढच्या वर्षी त्याच बायांनी स्वतःहून दुसरा माठ मागितला. पाणी पिण्यावर मी पुन्हा भाषण केले नाही. गरजच पडली नाही.

आपल्यापैकी बरेच जण दुकानदार, आडते, कारखानदार, शिक्षक, नोकरदार आहेत. बैठे काम, शेव आणि गोड चहा यांनी वाढलेले वजन कमी कसे करावे, असे आपण डॉक्टरांना विचारता, आणि ते योग्यच आहे. तेथे सवय आपल्या हाती आहे. पण आपल्या आवारात जे राबतात, त्यांची सवय बरीचशी आपल्या हाती असते. उद्या सकाळी दुकान उघडाल, तेव्हा माठ कोठे आहे, त्यात पाणी आहे का, आणि बायांसाठी संडासाची किल्ली कोणाच्या खिशात आहे, एवढे पाहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.